पावणेनऊ गुंठ्यांचं उत्तर

मला त्या पर्यायांच्या परीक्षांचा पहिल्यापासून रागच येतो. चार उत्तरं समोर मांडायची, त्यातली तीन मुद्दाम खोटी, आणि वर म्हणायचं, ओळखा बघू. बाजारात कुणी असं केलं तर त्याला आपण लबाड म्हणतो. परीक्षेत केलं की तो साहेब होतो. पण खरं सांगायचं तर त्या रागामुळेच मला ती परीक्षा जमायची. समोरचा आपल्याला फसवायला बसलाय हे एकदा धरून चाललं, की त्याच्या खोड्या दिसायला लागतात.

आमचं गाव नेऱ्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. मी तेव्हा तळोज्याला एका कंपनीत पॅकिंगला जायचे. माझी धाकटी जाऊ गावाबाहेरच्या एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जायची. शनिवार-रविवार तिथं मुंबईची माणसं यायची, गाणी लावायची, प्यायची. मग रात्री कुणाला भाकरी गरम हवी असायची आणि कुणाला आणखी काय. एका रविवारी ती लवकर परत आली आणि मोरीत बसून साबणानं मनगट घासत राहिली. मी विचारलं, "काय झालं गो?" तर म्हणाली, "काय नाय, तेल लागलंय." तेल असं घासत नाहीत. मी काय ते ओळखलं आणि माझं डोकं फिरलं. दिराला सांगितलं तर तो म्हणाला, दुसरं काम हातात आलं की हे सोडू दे, तोवर नाही. जळलं मेलं ते "तोवर"! त्या दिवसापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात बसली. हिला तिथून काढायची.

मग पनवेलच्या एका पतसंस्थेची जाहिरात आली. लिपिकाच्या दोन जागा, बारावी पास चालेल, महिलांना प्राधान्य. दोन जागा आणि आम्ही दोघी! मला तर त्यातही काहीतरी खोट दिसली. जागा आधीच कुणाच्या तरी भाचीसाठी राखून ठेवल्या असणार, आपल्याला नुसतं गर्दी करायला बोलावतायत. तरी दोघींचे अर्ज भरले.

अभ्यास आमचा वाल सोलता सोलता चालायचा. मधे सूप, एकीकडे ती, एकीकडे मी, आणि माझी मुलगी काकूच्या पाठीला टेकून बसलेली. तिला काकूचं भारी वेड. वेणी घालून घ्यायची तर काकूच्याच हातची. मी जावेला प्रश्न वाचूनच दाखवायचे नाही, फक्त चार पर्याय वाचायचे आणि म्हणायचे, सांग यातला चोर कोण. ती गडबडून जायची. "प्रश्नच नाय तर उत्तर कसं सांगू ताई?" म्हटलं, सांगता येतं. ज्या पर्यायात "नेहमी" किंवा "कधीच नाही" असं ठासून म्हटलंय तो बहुतेक खोटा, कारण जगात नेहमी असं काही नसतं. दोन पर्याय एकमेकांसारखे दिसले तर खरं उत्तर त्या दोघांतच कुठंतरी, कारण खऱ्याशेजारी खोटं बसवल्याशिवाय फसवणूक होत नाही. एक पर्याय बाकीच्यांपेक्षा लांबलचक असेल तर बाई, लिहिणाऱ्यानं तिथं नीट विचार करून शब्द टाकलेत, तो बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वाचल्या वाचल्या जे उत्तर डोळ्यांत भरलं, त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. सोपं दिसलं की थांबायचं. एवढं सोपं कुणी फुकट विचारत नाही.

हे शेवटचं तिला सगळ्यात पटलं. आमच्या भागात पटणारच. सरळ दिसणाऱ्या कागदावर अंगठा दिला आणि मागून काय काय निघालं, हे घराघरांत ऐकायला मिळतं. सरकारनं नव्या शहरासाठी सासऱ्यांची जमीन घेतली तेव्हा तेच झालं. "साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळणार," असं सगळे बोलायचे. साडेबारा, साडेबारा म्हणत गाव नाचलं. मग रस्ते, बाग, शाळा यांच्या नावानं त्यातून कापून हातात राहिले पावणेनऊ. आमच्याकडे लहान पोरालाही हा हिशोब माहीत असतो.

जाऊ सुरुवातीला फार भोळी होती. पहिला पर्याय दिसला की तिला वाटायचं हेच. "बरोबर वाटतंय ना ताई?" मी ओरडायचे, "वाटतंय काय? त्यानं वाटावं म्हणूनच लिहिलंय!" मग हळूहळू तिची नजर बदलली. पर्याय ऐकले की डोळे बारीक करायची, ओठ दुमडायची, आणि म्हणायची, "ह्याच्यात काय तरी हाय." मला एवढा आनंद व्हायचा! म्हटलं, तयार झाली पोरगी.

परीक्षा पनवेलच्या एका शाळेत झाली. ती माझ्या मागं, एक बाक सोडून. पर्यवेक्षक बाई सारख्या आमच्या बाजूनं फेऱ्या मारत होत्या, मला त्यांचाही संशय आला. कुणाचं काय बघायला येतायत ह्या? मी उत्तरपत्रिकेवर हात आडवा ठेवून गोल काळे केले. पेपर मला चांगला गेला. बाहेर आल्यावर जावेनं विचारलं, "ते शंभर गुंठ्यांचं काय लिवलंत?" मी म्हटलं, "झालेल्या पेपरावर बोलायचं नाही." हा पण माझाच नियम.

निकाल लागला तेव्हा आम्ही दोघी वर होतो. अगदी वर, आणि गुण सारखे. पण नावांपुढं लिहिलं होतं, निकाल राखून ठेवला आहे. पतसंस्थेतून फोन आला. दोघींची बरोबर उत्तरं तर जुळतातच, पण चुकीची उत्तरंही जुळतात. प्रत्येक चूक तीच, प्रत्येक चुकीचा गोलही तोच. त्यातही गंमत अशी की अवघड प्रश्न बरोबर आणि अगदी शेंबड्या पोराला येतील असे चुकलेले. तेव्हा येत्या आठवड्यात समक्ष येऊन खुलासा करा, नाहीतर दोघींची निवड रद्द.

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मी काही कुणाचं बघितलं नव्हतं. मग उरलं कोण? चारातले तीन कापले की एक उरतो, तसं माझ्या डोक्यात चाललं. ती मागं बसलेली. मागून पुढचं दिसतं, पुढून मागचं नाही. हात मी आडवा ठेवला होता खरा, पण पान उलटताना उचलला असेल. मी सरळ विचारलं, "बघितलंस का गो माझं?"

ती ताट घासत होती. थांबली. "नाय ताई."

"मग असं कसं जुळलं?"

"मला काय माहीत? तुमचंच जुळलं असंल माझ्याशी."

हे उत्तर मला झोंबलं. म्हणजे मी हिचं बघितलं? मी, जिनं हिला गोल काळा करायला शिकवलं? त्या आठवड्यात घरात आम्ही कामापुरतं बोललो. मी तिच्याकडे बघायचे आणि मनात हिशोब करायचे, इथं वळून बघितलं असेल का, तिथं मान उंच केली असेल का. ती माझ्याकडे बघत नव्हती, तर मला वाटायचं, बघा, नजर चोरतेय. नवरा म्हणाला, "सोड ना, तुझ्या डोक्यात कायम काहीतरी असतंच." त्याच्याशीही भांडले. मधला शनिवार आला तशी ती फार्महाऊसवर गेली आणि रविवारी रात्री परत आली ती सरळ मोरीत गेली. मी या वेळी मागं गेले नाही.

खुलाशाच्या दिवशी सकाळी मिनीडोरनं पनवेलला निघालो. गाडी भरलेली, आम्ही दोघी मागं एकमेकींना चिकटून. माझ्या डोक्यात तो शंभर गुंठ्यांचा प्रश्न घोळत होता. प्रश्न असा होता की शंभर गुंठ्यांचे साडेबारा टक्के किती. पर्याय पावणेनऊ, दहा, साडेबारा, पंधरा. मी पावणेनऊवर गोल केला होता, आणि उत्तरसूचीत ते चूक धरलं होतं. मी हळूच विचारलं, "तू पावणेनऊ का गं लिहिलंस?"

ती अशी भडकली! इतक्या दिवसांचं सगळं तोंडावर आलं. "मग काय साडेबारा लिवू? कुणाला मिळालं साडेबारा? आमच्या बापाला नाय मिळालं, आपल्या सासऱ्याला नाय मिळालं. त्यानं मुद्दाम पावणेनऊ ठेवलंय, बघायला, की हे खुळे साडेबारा लिवतात की काय!"

शब्दन् शब्द मी तेच मनात म्हटलं होतं, परीक्षेत. मला एकदम हसू फुटलं आणि डोक्यावरचं ओझंच उतरलं. हिनं काही बघितलं नव्हतं. ही माझ्यासारखीच चुकली होती, कारण चुकायला मीच शिकवलं होतं. समोरची बाई आमच्याकडे वळून बघायला लागली, तेवढ्यात गाडी स्टँडच्या कोपऱ्यावर थांबली आणि उतरायची घाई झाली. मी जावेला काही बोलले नाही. मनात म्हटलं, आत जाऊन सगळं सांगू, मग बाहेर येऊन वडापाव खाऊ.

पतसंस्थेचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. आत दोघं बसले होते, पुण्याहून आलेले परीक्षा घेणारे साहेब आणि संस्थेचे अध्यक्ष, इकडचेच, आमच्यासारखेच भातशेतीतून वर आलेले. आधी जावेला बोलावलं. मी बाहेर बाकावर. दार लावून घेतलं तेव्हाच मला खटकलं. एकेकीला का? दोघींना समोरासमोर का नाही? म्हणजे आत काहीतरी डाव आहे. आणि तिला बराच वेळ लागला. एवढं काय सांगतेय ही? बाहेर आली तेव्हा चेहरा पांढरा. मी काही विचारणार, तर शिपाई म्हणाला, "तुम्ही आत या, बोलायचं नाही."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

मी म्हटलं, "कुणीच बघून लिहिलेलं नाही."

"मग चुका जुळल्या कशा?"

मग मी सुटले. सांगितलं, साहेब, ह्या चुका नाहीत, ही आमची पद्धत आहे. सूर्य कोणत्या दिशेला उगवतो असं तुम्ही विचारलंत. एवढ्या मोठ्या बायांना कुणी असं विचारतं का? म्हणजे आत काहीतरी असणार. सूर्य उगवतच नाही, पृथ्वी फिरते, म्हणून आम्ही "यापैकी नाही" लिहिलं. साहेबांचं तोंड उघडंच राहिलं. मग पावणेनऊचं सांगितलं. ते ऐकून अध्यक्ष खुर्चीत सरळ झाले आणि गडगडून हसले. साहेबांना म्हणाले, "अहो, ह्या बाई खरं बोलतायत. आमच्या गावात कुणालाही विचारा, पावणेनऊच सांगतील. मी पण पावणेनऊच लिवलं असतं!"

मला धीर आला. मी म्हटलं, अजून एक सांगते. पतसंस्थेचा मालक कोण, असा एक प्रश्न होता. पर्याय अध्यक्ष, व्यवस्थापक, सभासद, सरकार. तुमचं उत्तर सभासद. आम्ही दोघींनी अध्यक्ष लिहिलं. आता अध्यक्षसाहेब समोर आहेत म्हणून जास्त बोलत नाही. पण गावात विचारून बघा.

अध्यक्षांचं हसू जरा आखडलं, पण रागावले नाहीत. "जाऊ द्या, जाऊ द्या," म्हणाले. मला दिसत होतं, त्यांना पटलंय. साहेबांनाही निम्मं पटलं असावं, कारण ते पेन आपटायचे थांबले होते. मला वाटलं, झालं काम. दोघींचं झालं. आता पुढच्या शनिवारी ती फार्महाऊसवर जाणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लाज वाटली तरी थांबेना.

साहेब म्हणाले, "तुम्ही फार चांगलं सांगितलंत. पण बाई, तुमच्या जावेनं आत्ताच, इथंच, कबूल केलंय. म्हणाल्या, मी ताईंचं बघून लिहिलं, ताईंचा काही दोष नाही."

मला ऐकू आलं ते कळलंच नाही आधी. मग मी ओरडले, "खोटं आहे ते! बोलवा तिला आत!" साहेब म्हणाले, एकदा स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यावर पुन्हा बोलवायला ही काय मंडई आहे? मी अध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी हात वर केले. "मी काय करू सांगा. तुमच्यावर आता काही नाही. तुम्ही सोमवारपासून या. पोरीनं स्वतःच सांगितलंय, आता मी काय करू?" आणि ते खरंच वाईट वाटल्यासारखे बघत होते, पण उठले नाहीत.

बाहेर आले तर ती जिन्यात उभी, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"कशाला बोललीस गो असं? कशाला?"

"हळू बोला ताई."

"काय हळू? बघितलं होतंस का तू?"

"नाय."

"मग?"

तिनं खाली बघत सांगितलं. साहेब तिला म्हणाले होते, दोघी एकमेकींवर ढकलाल तर दोघी बाहेर. एकीनं कबूल केलं तर दुसरीला घेऊ. ती म्हणाली, "मी मनात पर्याय लावले ताई, तुमी शिकवलं तसे. कुणीच नाय केलं, असं तुमी सांगाल? ते तर पहिलंच कापलं. आठवडाभर तुमी माझ्याकडं कशा बघत होता, ते काय मला दिसत नव्हतं? तुमी माझंच नाव घेणार. मी नाय म्हटलं आनि तुमी हो म्हटलं, तर दोघींचं गेलं. मग मीच माझं नाव घेतलं. एकीचं तरी राह्यलं."

"मी नाही घेतलं तुझं नाव! मी म्हटलं कुणीच नाही बघितलं. अध्यक्षांना पटलं होतं गो, दोघींना घेणार होते!"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे बारीक केले, ओठ दुमडले. मी ते तोंड ओळखते. मीच घडवलंय ते.

"असू दे," ती म्हणाली. "आता बोलून काय उपेग?"

घरी येईपर्यंत मी तेच तेच सांगत राहिले. मिनीडोरमध्ये शेजारच्या माणसानंसुद्धा शेवटी माझ्याकडे दयेनं बघितलं. ती फक्त "हां ताई, हां" म्हणत होती, तापलेल्या माणसाची समजूत काढल्यासारखी. सोमवारी मी कामावर रुजू झाले. पतसंस्थेत पंखा असतो, बसायला खुर्ची असते, लोक मॅडम म्हणतात. ती सगळ्यांना कौतुकानं सांगत होती, आमची ताई बँकेत लागली. मला ते ऐकवत नव्हतं. दोन-तीनदा मी अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले, पुन्हा परीक्षा घ्या म्हटलं, तिची एकटीची घ्या, माझी जागा तिला द्या. ते म्हणाले, असं नसतं बाई. आणि घरी येऊन मी जावेला हे सांगितलं, तर तिला वाटलं मी तिला बरं वाटावं म्हणून रचून सांगतेय.

मग शनिवार आला. दुपारी ती फार्महाऊसवर जायला निघाली. केस घट्ट बांधले, लांब बाह्यांचा ब्लाउज घातला, उकाड्यात. मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. म्हटलं, आज नाही जायचं तू. आणि आधी माझं ऐकायचं, एकदा शेवटचं. माझी मुलगी तिथंच खेळत होती. मी तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "हिची शपथ घेऊन सांगते, मी आत तुझं नाव..."

पुढचं तिनं मला बोलू दिलं नाही. धावत आली, माझा हात पोरीच्या डोक्यावरून उचलला आणि दुसऱ्या हातानं माझं तोंड दाबून धरलं.

"शपथ नका घेऊ ताई," म्हणाली. "खोटी शपथ पोरीला लागंल."